प्राध्यापक नेमका कोणाचा?

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला नेमणुकीचे पत्र शिक्षणसंस्था देते, त्या नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते, दरमहा पगार राज्य सरकार देते आणि पदासाठी पात्रता कोणती, आठवड्याला शिकवायचे तास किती, बढती कशाच्या आधारे मिळणार हे दिल्लीतील विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असे आपल्याकडे म्हणतात. येथे घरे चार आहेत. त्यामुळे ‘तुमचा मालक कोण?’ हा प्रश्न बँकेतल्या अधिकाऱ्याला जितका सरळ वाटेल तितका तो प्राध्यापकाला वाटत नाही. त्यातही बहुतेक प्राध्यापक स्वतःला यांपैकी कोणाचाच नोकर मानत नाहीत. आपण विद्यापीठाचे घटक आहोत, किंबहुना शिकवणारे आणि शिकणारे मिळूनच विद्यापीठ बनते, अशी त्यांची धारणा असते. आणि त्याच वेळी पगार, रजा, बढती, निवृत्तिवेतन या बाबतींत नोकराला मिळणारे प्रत्येक संरक्षण त्यांना हवे असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा दुटप्पीपणा वाटतो. पण या दोन्ही अपेक्षा एकमेकींना धरून आहेत, आणि त्या कशा जुळल्या व आता कशा उसवत आहेत हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा ते शिकवणारे विद्यापीठ नव्हतेच. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. शिकवणारे प्राध्यापक एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांत असत आणि त्यांच्या पगाराशी विद्यापीठाचा संबंध नसे. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा मार्ग मोकळा झाला, तरी मुंबईत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग सुरू व्हायला १९१९ साल उजाडले; समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस तेथे आले. याचा अर्थ असा की पहिली सुमारे साठ वर्षे विद्यापीठ हे प्राध्यापकाच्या लेखी परीक्षेचे कार्यालय होते, मालक नव्हे. आजही संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापक ‘विद्यापीठातून पत्र आले आहे’ असे सांगतो तेव्हा त्याच्या बोलण्यात विद्यापीठ ही दूरची, काहीशी सरकारी वाटणारी जागा असते. विद्यापीठाच्या आवारातील विभागांमध्ये शिकवणारे प्राध्यापक थेट विद्यापीठाच्या सेवेत असतात, त्यांचे नाते वेगळे असते. परंतु महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या तुलनेत त्यांची संख्या फार थोडी आहे.

दुसरा वारसा पुण्याचा आहे, आणि प्राध्यापकांच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर त्याचा ठसा अधिक खोल आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेचा कारभार आजीव सदस्यांकडे होता, आणि हे आजीव सदस्य म्हणजे तेथे शिकवणारेच लोक. वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची हमी ते देत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे दरमहा ७५ रुपये हे वेतन पुढे दंतकथेसारखे सांगितले जाऊ लागले. शिकवणारा आणि संस्था चालवणारा एकच असल्यामुळे मालक आणि नोकर असा भेद तेथे तत्त्वतः संभवत नव्हता. तरीही भांडण झाले, आणि ते नेमके आज ज्याला आपण सेवाशर्ती म्हणतो त्यांवरून झाले. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा की बाहेरची कामेही करावीत, वेतन सर्वांना समान असावे की गरजेनुसार वाढवावे, या मुद्द्यांवर मतभेद वाढत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले हेही टिळकांना मान्य नव्हते, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. टिळक-आगरकर वाद म्हणून हा प्रसंग आपण स्वभावांच्या संघर्षाच्या अंगाने ऐकत आलो आहोत. पण विद्वान माणसाच्या वेळेवर संस्थेचा हक्क किती, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती होता आणि तो आजही सुटलेला नाही. आज खासगी शिकवणी घेणाऱ्या, वृत्तपत्रात सदर लिहिणाऱ्या किंवा निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्या प्राध्यापकाला परवानगीचा अर्ज करावा लागतो तो याच प्रश्नापोटी.

आजीव सदस्यांची ही पद्धत थोड्या ठिकाणीच टिकली. स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये गावोगावी निघाली, ती काढणाऱ्या मंडळींमध्ये शिकवणारे कमी आणि सहकार, शेती, राजकारण यांतील कर्तीसवरती माणसे अधिक होती. संस्थाचालक आणि प्राध्यापक हे दोन वेगळे वर्ग झाले. अनेक ठिकाणी पगार वेळेवर होत नसत, सही एका रकमेवर आणि हातात पडे दुसरीच, अशा तक्रारी सर्रास होत. प्राध्यापकांच्या संघटना वाढल्या त्या या पार्श्वभूमीवर, आणि सत्तरच्या दशकातील लढ्यांनंतर अनुदानित महाविद्यालयांतील पगाराची जबाबदारी शासनाने घेतली. हा बदल वरवर आर्थिक दिसतो, पण नात्याच्या दृष्टीने तो उलथापालथ करणारा होता. नेमणूक करणारा आणि पगार देणारा असे दोन मालक वेगळे झाले, त्यामुळे संस्थाचालकाची प्राध्यापकावरील पकड ढिली झाली. ‘आम्हाला पगार सरकार देते’ हे वाक्य प्राध्यापकांच्या तोंडी आले ते तेव्हापासून. त्यात थोडी मिजास होती हे खरे, पण संस्थेच्या अध्यक्षांच्या निवडणुकीत प्रचाराला जायला नकार देण्याचे धैर्यही त्यातूनच येत होते.

कायद्याने प्राध्यापकाकडे कसे पाहिले, ही गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे आणि ती जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ हा खटला आला. रामनाथ हे प्राध्यापक नव्हते. ते विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयाच्या बसचे चालक होते आणि कामावरून कमी केल्याबद्दल औद्योगिक विवाद कायद्यानुसार भरपाई मागत होते. न्यायालयाने ती नाकारली. विद्यापीठाचे मुख्य काम शिक्षण, ते शिक्षक करतात, शिक्षक हे कामगार नव्हेत, म्हणून विद्यापीठ हा उद्योग नव्हे, असा युक्तिवादाचा ओघ होता. शिक्षकाचे काम थोर असल्यामुळे बसचालकाचा हक्क गेला, असा हा प्रकार. १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हा निर्णय बाजूला सारला आणि शिक्षणसंस्थाही ‘उद्योग’ ठरल्या. आता शिक्षकालाही कामगार कायद्याचे दार उघडेल असे वाटत असतानाच गोव्यातील एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ए. सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या १९८८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की संस्था उद्योग असली तरी शिक्षक हा कामगार नव्हे, मग तो प्राथमिक शाळेत शिकवत असो वा पदव्युत्तर वर्गाला. अंगमेहनत, तांत्रिक काम, कारकुनी, देखरेख यांपैकी कशातच शिकवणे बसत नाही, ते ध्येयकार्य किंवा उदात्त व्यवसाय आहे, असे कारण देण्यात आले. त्याच निकालात, काही व्यवस्थापने शिक्षकांची पिळवणूक करतात हे न्यायालयाने नोंदवले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असायला हवी असेही सांगितले. महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अशी यंत्रणा आहे; बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास त्यांना विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

सन्मानाने हक्क हिरावण्याचा हा प्रकार ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही घडला. २००४ मध्ये अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात, ग्रॅच्युइटी कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत असा निर्णय झाला; त्यावर संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना हा लाभ दिला, आणि खासगी शाळांनी दिलेले आव्हान फेटाळले जायला २०२२ साल यावे लागले. म्हणजे शिक्षकाला निवृत्तीनंतरची रक्कम मिळावी यासाठी तो ‘कर्मचारी’ आहे असे संसदेला मुद्दाम लिहावे लागले.

अमेरिकेत हाच पेच उलट्या बाजूने आला. तेथे विश्वस्तांच्या मर्जीवर प्राध्यापकांच्या नोकऱ्या जात असत, त्याविरुद्ध १९१५ मध्ये विद्यापीठीय प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्याच जाहीरनाम्यात असे प्रतिपादन होते की प्राध्यापकाची नेमणूक विश्वस्त करतात, पण म्हणून तो त्यांचा नोकर होत नाही. न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, तरी निकाल देताना न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांचा नोकर नसतो, तसेच हे. जगभरातील प्राध्यापकांच्या मनातील नाते इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडले असेल. या संघटनेचे पहिले अध्यक्ष कोलंबिया विद्यापीठाचे जॉन ड्यूई होते, आणि त्या वेळी त्याच विद्यापीठात भीमराव आंबेडकर शिकत होते. पुढे बाबासाहेब मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. नेमला जाणारा आणि नेमणारा या दोन्ही भूमिका वठवलेली अशी माणसे विरळाच. अमेरिकेतील त्या उंच कल्पनेची किंमत मात्र १९८० मध्ये मोजावी लागली. येशिवा विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की अभ्यासक्रम, प्रवेश, निकाल, नेमणुका यांत प्राध्यापकांचाच शब्द चालत असेल तर ते व्यवस्थापनाचे भाग आहेत, आणि म्हणून कायद्याने कामगार संघटनेला मिळणारा सामूहिक सौद्याचा हक्क त्यांना नाही. भारतात शिक्षक कामगार ठरला नाही कारण त्याचे काम पवित्र. अमेरिकेत ठरला नाही कारण तो स्वतःच मालकासारखा. कारणे निराळी, पण दोन्हीकडे पदरात पडलेले माप जवळजवळ सारखे.

चार मालकांचा त्रास प्रत्यक्षात कसा होतो याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण नेट-सेट प्रकरणाचे आहे. अधिव्याख्याता, म्हणजे आजचा सहायक प्राध्यापक, होण्यासाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये घातली. परंतु १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात राज्यात हजारो प्राध्यापक ही परीक्षा उत्तीर्ण न होता नेमले गेले, कारण पात्र उमेदवार मिळत नव्हते आणि वर्ग तर चालवायचे होते. संस्थेने जाहिरात दिली, निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी बसले, विद्यापीठाने मान्यतापत्रे दिली, सरकारने पगार सुरू केला. पुढे यांना बढती द्यायची का आणि सेवा कोणत्या तारखेपासून धरायची हा प्रश्न आला तेव्हा प्रत्येक घराने दुसऱ्या घराकडे बोट दाखवले. आयोग म्हणे नियम स्पष्ट होता, सरकार म्हणे मान्यता विद्यापीठाने दिली, विद्यापीठ म्हणे शासनाचा आदेश आला तसे केले, आणि संस्थेकडे तर उत्तर देण्यासारखे काही नव्हतेच. पंधरा-वीस वर्षे एकाच फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपली नेमणूक वैध होती की नाही हे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हते.

यातून आणि सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून २०१३ चा परीक्षा बहिष्कार उभा राहिला. राज्यातील प्राध्यापकांच्या महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, फेब्रुवारी ते मे या काळात परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकारने पगार रोखला, आणि ७१ दिवसांचा तो पगार ही पुढे अनेक वर्षे संघटनेची मागणी होऊन बसली. या आंदोलनात एक बारकावा होता जो वर्तमानपत्री गदारोळात हरवला. प्राध्यापक शिकवत होते. त्यांनी हात आखडता घेतला तो परीक्षेपुरता. शिकवणे हे आपले आणि विद्यार्थ्यांचे, परीक्षा ही विद्यापीठाची, अशी विभागणी त्यांच्या मनात पक्की होती. विद्यार्थ्यांना मात्र ती पटणे शक्य नव्हते, कारण त्यांचे वर्ष परीक्षेवर अडलेले होते, आणि प्राध्यापकांनी समाजाची सहानुभूती त्या उन्हाळ्यात बरीच गमावली असे माझे मत आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने परीक्षेच्या कामात साहाय्य करणे शिक्षकांवर बंधनकारक केले आहे.

पेपर तपासणीची जागा, ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात, ही महाविद्यालयीन प्राध्यापकाची आणि विद्यापीठाची खरी गाठ पडण्याची जागा. मे महिन्याच्या उकाड्यात एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात बाके मांडलेली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरांसाठी वेगळे टेबल, आणि जिल्हाभरातून आलेले त्या विषयाचे शिक्षक. तपासणीचे मानधन इतके किरकोळ की त्याच्या हिशेबात कोणी पडत नाही. पण ‘हा प्रश्न कोणी काढला हो?’ येथपासून नव्या अभ्यासक्रमातील चुकांपर्यंत विषयावरची मोकळी चर्चा वर्षातून एकदा येथेच होते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याची पद्धत पुरेशी तयारी न करता एकदम सर्व विद्याशाखांना लागू केली, तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात प्राध्यापकांच्या बोलण्यात जो राग होता तो यंत्रावर नव्हता. निर्णय घेताना आम्हाला विचारले नाही, आणि निकाल लांबल्यावर सुट्ट्यांमध्ये बोलावून घ्यायला मात्र आम्हीच, हा तो राग होता.

विद्यापीठ आणि प्राध्यापक यांच्यातील अविश्वास कागदावर पाहायचा असेल तर बढतीची फाइल पाहावी. सहायक प्राध्यापकाची नोकरी सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये मूळ वेतनावर सुरू होते आणि ठरावीक वर्षांनी वरची श्रेणी मिळते. या योजनेला बोलीभाषेत ‘कॅस’ किंवा ‘प्लेसमेंट’ म्हणतात. वर्षे भरली म्हणून श्रेणी आपोआप मिळत नाही. नेमणूकपत्र, मान्यतापत्र, उद्बोधन वर्गाचे प्रमाणपत्र, उजळणी वर्गाचे प्रमाणपत्र, प्रत्येक शोधनिबंधाची प्रत, नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची प्रत, परिषदेत निबंध वाचल्याचे प्रमाणपत्र, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात काम केल्याचे पत्र, प्रवेश समितीत असल्याचे पत्र, अशी शे-दोनशे पाने जमवून त्यांवर प्राचार्यांची सही घ्यायची. मग विद्यापीठाने विषयतज्ज्ञ द्यायचे, शासनाचा प्रतिनिधी यायचा, मुलाखत व्हायची, आणि त्यानंतर वेतननिश्चितीसाठी फाइल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जायची, जिला सगळे जेडी ऑफिस म्हणतात. उजळणी वर्ग सहा महिने उशिरा झाला तर बढतीची तारीखही मागे सरकते आणि तिच्यामागून पुढची प्रत्येक तारीख. त्यामुळे स्टाफरूममध्ये दोन प्राध्यापक हळू आवाजात गंभीरपणे बोलत असतील तर विषय तुकारामांची गाथा असण्यापेक्षा ‘तुमचे प्लेसमेंट झाले का?’ हा असण्याची शक्यता अधिक.

२०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक कामाला गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून ही फाइल फुगत गेली. हेतू वाईट नव्हता. कायम झाल्यावर पुस्तकाचे पान न उलटणारे, वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणारे प्राध्यापक होते आणि आहेत, हे प्राध्यापकही खासगीत मान्य करतात. पण गुण मोजायचे ठरल्यावर ज्याचे गुण मिळतात तेच तयार होऊ लागले. पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापणारी नियतकालिके निघाली, परिषदा प्रमाणपत्रांसाठी भरू लागल्या. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि २०१८ मध्ये तिच्यातून एका फटक्यात ४,३०५ नावे वगळली. मग २०१९ पासून ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. ज्याने केअर यादी पाहून निबंध दिला त्याला उद्या कोणती यादी ग्राह्य धरली जाईल याची खात्री नाही. मला यात दोष प्राध्यापकांचा जितका दिसतो त्याहून अधिक त्या समजुतीचा दिसतो, की विद्वत्तेवर विश्वास ठेवण्याऐवजी तिची पावती मागितली की काम होते.

असे असूनही बहुतेक प्राध्यापक काम सोडत नाहीत किंवा तुटकपणे करत नाहीत, कारण त्यांची निष्ठा बहुधा मालकाकडे नसतेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲल्विन गोल्डनर यांनी १९५७ मध्ये एका लहान महाविद्यालयाचा अभ्यास करून प्राध्यापकांचे दोन कल दाखवले. काहींची निष्ठा आपल्या संस्थेशी असते, काहींची आपल्या विषयाशी आणि जगभर पसरलेल्या त्या विषयाच्या अभ्यासकांशी. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार सहज ओळखू येतात. तालुक्याच्या गावी वीस वर्षे काढलेले, प्रवेशापासून महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलींपर्यंत सगळे अंगावर घेणारे, विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नाला आवर्जून जाणारे सर पहिल्या प्रकारात मोडतात. संशोधनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा परदेशात दोन वर्षे काढून आलेल्या, ‘माझ्या विषयात’ असे म्हणून वाक्य सुरू करणाऱ्या मॅडम दुसऱ्या. संस्थाचालकाला पहिले जवळचे वाटतात आणि क्रमवारीच्या काळातील विद्यापीठाला दुसऱ्या हव्या असतात. पण विद्यापीठ चालते ते पहिल्यांच्या श्रमावर.

या मनोवृत्तीची एक छोटीशी कायदेशीर खूण लेखनहक्कात दिसते. १९५७ च्या लेखनहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. तरीही प्राध्यापकाने लिहिलेल्या पुस्तकावर महाविद्यालयाने हक्क सांगितल्याचे सहसा ऐकू येत नाही आणि कोणी सांगितला तर सगळे चकित होतील. परंपरेने सर्वांनी मान्य केले आहे की त्याने काय विचार केला हे त्याचे. पेटंटच्या बाबतीत मात्र विद्यापीठे आपला वाटा मागतात, कारण तेथे पैसा आहे.

घटक असल्याची भावना नुसती भावना राहू नये म्हणून कायद्याने काही जागा ठेवल्या आहेत. अभ्यास मंडळ अभ्यासक्रम ठरवते, विद्या परिषद शैक्षणिक धोरण पाहते आणि अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. त्यांच्यासोबत प्राचार्यांचे दहा, संस्थाचालकांचे सहा आणि पदवीधरांचे दहा निवडून आलेले सदस्य असतात. निवडणुकांत गटबाजी असते, जातीपातीची गणिते असतात, आणि अभ्यास मंडळावर जायला काहींची धडपड कशासाठी असते हे पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवरील नावे पाहिली की कळते. पण या जागा आहेत म्हणूनच प्राध्यापक अधिसभेत उभा राहून कुलगुरूंना जाब विचारू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी जात नाही. येथे ते दोन धागे एकत्र येतात. नोकरीची शाश्वती असेल तरच घटक म्हणून बोलता येते. घटक म्हणून बोलायचे नसेल तर शाश्वती ही केवळ एक सवलत उरते.

ही शाश्वती आज किती जणांना आहे? अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्त होणाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजेच सीएचबीवर, शिक्षक घेतले जातात. त्यांना घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळते, सुट्टीत काही मिळत नाही, आणि सत्र संपले की नेमणूकही संपते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रातील तासिका शिक्षकाच्या हाती येणारी रक्कम त्याच्या आसपासही नसते. नेट-सेट, पीएच.डी. सगळे असलेली ही मंडळी अनेक ठिकाणी दोन महाविद्यालयांत तास घेऊन, एसटीने ये-जा करून महिना भागवतात. विद्यापीठ कायद्यातील ‘शिक्षक’ म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. त्यामुळे अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात त्यांना मत नसते. वर ज्यांचे वर्णन केले त्या न्यायाधिकरणाचा, बढतीच्या फाइलीचा, परीक्षा बहिष्काराचा त्यांच्याशी संबंध येत नाही. विद्यार्थी त्यांनाही सरच म्हणतात.

यांच्याकडे कायदा कसा पाहणार याची चुणूक ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या प्रकरणात दिसली. तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे राबवले जात होते, काम मात्र नियमित प्राध्यापकाइतकेच होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश दिला, आणि समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ म्हणत राहणे पुरेसे नाही असे सुनावले. सुंदरंबल निकालात शिक्षकाच्या थोरवीमुळे जे दार बंद झाले होते, त्याच थोरवीचा आधार घेऊन या निकालाने पगाराची बाजू उघडली आहे. मात्र हा आदेश वेतनापुरता आहे. नेमणूक किती काळाची, अधिसभेत मत कोणाचे, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला बोलावणार की नाही, हे प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयातच ठरतात.